विरजण आणि बर्फ

वसंतातल्या व्याख्यानमालेत दह्यावर बोलायला उभे राहणे हा एका अर्थी शास्त्राचा भंगच आहे. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत दही बहुधा वर्ज्य, आणि रात्री तर मुळीच खाऊ नये, असे चरकाने सांगून ठेवले आहे. श्री धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदीय कारखाना ज्या गावात १८७२ साली निघाला, त्या पनवेलीत चैत्राच्या संध्याकाळी आम्ही दह्याची कथा सांगावी हे धाडसच होय. वैद्यमंडळींची क्षमा मागून आम्ही आरंभ करतो. आम्ही दही वाढणार नाही, फक्त त्याचा इतिहास सांगणार आहोत.

या विषयाकडे आम्ही विद्येच्या ओढीने वळलो नाही, फजितीने वळलो. आमचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर आणि सार्वजनिक वाचनालयातल्या बाकावर झालेले आहे. काही वर्षांपूर्वी पनवेलीजवळच्या एका कारखान्यात उपाहारगृहाच्या जेवणावरून असंतोष माजला. भात, आमटी यांविषयी नेहमीच्या तक्रारी होत्याच, पण मुख्य तक्रार दह्याची होती. दही बाहेरून डब्यातून येई व मोठ्या शीतकपाटात राही. कामगारांचे म्हणणे असे की, हे दही आंबट आहे, आणि शिवाय फ्रिजातले असल्यामुळे ते मेलेले आहे. त्यात विरजणाचा जीव उरलेला नाही. आम्ही ते ऐकले आणि मागणीपत्रात सरळ कलम घातले की, शीतकपाटातील दही निर्जीव असते, सबब कामगारांस रोजच्या रोज लावलेले ताजे दही मिळावे.

वाटाघाटीच्या दिवशी कारखान्याचे रसायनज्ञ साहेब आले. त्यांनी वाद घातला नाही. त्याच कपाटातल्या डब्यातले चमचाभर दही त्यांनी आमच्यासमोर कोमट दुधाला लावले, भांडे झाकले, आणि बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी भांडे उघडले तर आत सुरेख घट्ट कवडी! साहेब एवढेच म्हणाले, "हे मेलेल्याने केले काय?" आमच्या बाजूचे चार प्रतिनिधी खाली पाहू लागले. आम्हीही पाहू लागलो. कलम मागे घ्यावे लागले. त्या रात्री घरी आल्यावर लक्षात आले की, आमच्या तक्रारीतच विसंगती होती. मेलेले दही आंबत नाही. ते दिवसेंदिवस आंबट होत होते, याचाच अर्थ आत कुणीतरी काम करीत होते. मग ते कोण, थंडीत ते काय करतात, आणि थंडी मुळात आमच्या मुलखात आली कुठून, या प्रश्नांच्या मागे आम्ही लागलो.

आपल्या इकडे बर्फ हा प्रथम शिडाच्या जहाजातून आला. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गाडून दूरदेशी पाठवी. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढे थोड्याच काळात मुंबईसही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. फोर्टात सेंट अँड्र्यूजच्या देवळाशेजारी घुमटाकार बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जिजीभाईंनी १८३६ च्या सुमारास मेजवानीत बर्फाची मलई वाढली आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनी चवीने सांगितली आहे. थोरो या अमेरिकन ग्रंथकाराने 'वॉल्डन' या १८५४ सालच्या पुस्तकात, आपल्या तळ्याचे पाणी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईचे लोक पितात, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे.

त्या काळी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे व १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने वर जाई. म्हणजे बर्फघर आणि आमचे गाव यांत एका भरतीचे अंतर. परंतु अंतर कोसांनी मोजायचे नसते, पैशाने मोजायचे असते. बर्फ साहेबाच्या पेल्यासाठी, शेटजींच्या मेजवानीसाठी आणि इस्पितळातल्या तापाच्या रोग्यासाठी होता. दह्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

दह्याची थंडी कुंभाराने केलेली होती. मातीच्या गाडग्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, बाहेर उडून जाते, आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. त्याने दोन कामे होत. दही चार अंश थंड राही, आणि निवळ शोषली गेल्यामुळे ते घट्ट होई. तरी कोकणच्या उन्हाळ्यात रात्री लावलेले दही दुपारपर्यंत आंबटढाण व्हायचेच. मग त्याचे ताक होई, ताकाची कढी होई, आणि उरलेले ताक शेजारीपाजारी वाटले जाई. ताक विकणे हे खेड्यात कमीपणाचे मानीत असत. याचे कारण औदार्य तर होतेच, पण ते राहत नसे हेही होते. जी वस्तू उद्या टिकणार नाही ती आज देऊन टाकण्यात माणसाचे फार जात नाही. गरिबाच्या भाकरीला जे ताक मिळे ते असे उष्णतेच्या कृपेने मिळे.

आता त्या आतल्या मंडळींकडे वळू. दूध आंबते ते सजीवांमुळे, हे पाश्चरने १८५७ साली दाखविले. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारा लिस्टर, त्याने १८७८ च्या सुमारास आंबलेल्या दुधातला एक जंतू इतरांपासून सुटा करून वाढविला. आज त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतात, आणि आपल्या घरगुती दह्यात बहुधा याच्याच कुळाचा भरणा असतो. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत आपल्या देशाच्या दह्यातला काठीसारखा जंतू शोधला. त्याला बल्गेरियाचेच नाव मिळाले. पॅरिसच्या मेचनिकॉफने त्यावरून, बल्गेरियन शेतकरी दह्यामुळे दीर्घायुषी होतात, असा सिद्धांत मांडला. मेचनिकॉफ मोठा माणूस, १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी. दीर्घायुष्याचा सिद्धांत मात्र त्याने मांडला तसा टिकला नाही. पण व्यापाऱ्यांना तेवढे पुरले. १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासोने दह्याचा कारखाना काढला, आणि आरंभी त्याचे दही औषधी दुकानांतून विकले जाई.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. बल्गेरियन दह्यात दोन जातींचे जंतू जोडीने काम करतात, एक काठीसारखा, दुसरा मण्यांच्या माळेसारखा. त्यांना ४२-४३ अंश सेल्सिअसची ऊब लागते. आपल्या दह्यातली मुख्य मंडळी २५ ते ३० अंशांवर खुशीत असतात. म्हणूनच आपल्या बायकांना भट्टी लागली नाही, ओट्याचा कोपरा पुरला. थंडीच्या दिवसांत फार तर भांडे घोंगडीत गुंडाळायचे किंवा पिठाच्या डब्यात ठेवायचे. बाजारातल्या डब्यातले दही कोणत्या मंडळींचे आहे हे कारखान्यागणिक बदलते, आणि घरचे दही तर घरोघर बदलते.

इकडे यंत्राचा बर्फ आला. जर्मनीत लिंडेने १८७० नंतरच्या दशकात अमोनियाची शीतयंत्रे बांधली, कलकत्त्यास १८७८ साली बर्फाची कंपनी निघाली, आणि काही वर्षांतच ट्यूडरच्या जहाजांचा धंदा बसला. यंत्राला वाफ लागे, मग वीज लागू लागली. वीज आमच्याच जिल्ह्यात निर्माण झाली. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राची वीज १९१५ साली सुरू झाली, आणि ती तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. कुलाब्याच्या खेड्यांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलचाच दिवा जळत होता. आमच्या व्यवसायातला माणूस हे वाक्य लिहून पुढे जाऊ शकत नाही, क्षणभर थांबतो. पण आज विषय दह्याचा आहे.

थंडीचा आणि दुधाचा खरा विवाह आपल्याकडे झाला तो १९४५ साली. मुंबई सरकारने शहरासाठी दूधयोजना काढली, आणि गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, पोल्सन कंपनीमार्फत तापवून गार केलेले दूध रेल्वेने चारशेहून अधिक किलोमीटर मुंबईस येऊ लागले. तोपर्यंत मुंबईचे दूध शहरातल्याच गोठ्यांतून निघे, कारण दूध दूर जाऊच शकत नव्हते. दूरच्या गावाने दुधाचे तूप करावे, दही करावे आणि ताक वाटावे हाच नियम होता. थंडीने तो मोडला. आता गावचे दूध शहरात दूध म्हणूनच पोचू लागले. पण भाव कंपनीच्या हाती राहिला. तेव्हा ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली, आणि शेतकऱ्यांनी कंपनीला दूध घालण्याचे बंद केले. पंधरा दिवस खेड्यातून मुंबईकडे दूध गेले नाही. सरकारला नमते घ्यावे लागले, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालील सहकारी संघाची नोंदणी झाली. तोच पुढे अमूल म्हणून जगाला ठाऊक झाला. आम्ही संप पुष्कळ पाहिले, पण ज्या संपात मालच दुसऱ्या दिवशी नासतो तो चालवणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच माहीत. पंधरा दिवसांचे ते दूध शेतकऱ्याने स्वतः सोसले.

१९४९ साली गोरेगावजवळ आरे वसाहत निघाली, दारा खुरोदी यांनी ती उभारली, आणि शहरातल्या हजारो म्हशी तिकडे गेल्या. लालबागच्या चाळीत आमचे बालपण गेले. पहाटे आरेच्या केंद्रापुढे काचेच्या बाटल्या घेऊन उभे राहण्याचे काम आमचे होते. बाटलीला बाहेरून दव आलेले असे. आमच्या बोटांना कळलेली पहिली यंत्राची थंडी ती. घरात फ्रिज नव्हता. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ साली काढला खरा, पण गिरणीकामगाराच्या खोलीत त्याला जागा कुठली?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. संप कधी मागे घेतला गेला नाही आणि गिरणीही पुन्हा उघडली नाही. पुढल्या वर्षी आम्ही खोली सोडून पनवेलीस आलो. एस.टी.त आईच्या मांडीवर एक छोटा झाकणाचा डबा होता, त्यात विरजण होते. वाटेत ऊन लागू नये म्हणून त्यावर ओले फडके गुंडाळले होते. वडील म्हणाले, "अगं, तिथे शेजारी मिळेल की." आई म्हणाली, "तिथले कसे असेल कोणास ठाऊक." त्या डब्यातल्या विरजणाला रोज काम द्यावे लागे. एक दिवस दूध आले नाही तर आई कासावीस होई, कारण उन्हाळ्यात दोन दिवस न लावलेले विरजण कडवट, बुरसट होते आणि मग शेजारच्या काकूंच्या दारी वाटी घेऊन जावे लागते. वाटीभर विरजण कोणी नाकारीत नसे. पनवेलीतल्या पहिल्या ओळखी आम्हाला त्या वाटीनेच मिळाल्या.

घरात जुना, दुसऱ्याचा वापरलेला फ्रिज आला तो दहाएक वर्षांनी. आईने त्यात विरजण ठेवायचे नाकारले. थंडीने ते मरेल, असे ती म्हणे. आमच्या मागणीपत्रातल्या त्या फजितीच्या कलमाचे मूळ येथे आहे, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो.

खरी गोष्ट अशी आहे. फ्रिजातल्या चार-पाच अंशांच्या थंडीने दह्याचे जंतू मरत नाहीत, त्यांचे काम थांबते. त्यांच्या शरीरातली पाचक द्रव्ये मंदावतात, बाहेरचे आवरण ताठर होते, वाढ जवळजवळ बंद पडते. आमच्या भाषेत बोलायचे तर ही टाळेबंदी आहे. कामगार आहेत, फाटक बंद आहे. भांडे पुन्हा कोमट दुधात गेले की फाटक उघडते. दहा दिवसांच्या विरजणाला जरा अधिक वेळ लागतो, एवढेच. मात्र टाळेबंदी संपूर्ण नसते. विशेषतः तो काठीसारखा बल्गेरियन जंतू थंडीतही थोडेथोडे आम्ल करीतच राहतो. म्हणून बंद डब्यातले दहीही दिवसेंदिवस आंबट होत जाते. आणि लांबलेल्या टाळेबंदीत माणसे गळतात तशी येथेही गळतात. आठवड्यांमागून आठवडे गेले की जिवंत जंतूंची संख्या घटते, पण ती थंडीपेक्षा त्यांनी स्वतःच केलेल्या आम्लाने अधिक घटते. थंडी त्या आम्लाला आवर घालते, म्हणजे उलट ती त्यांना वाचवीतच असते. ताज्या दह्यात दर ग्रॅमला दहा कोटी किंवा त्याहून अधिक जंतू असू शकतात. योगर्टमध्ये टिकण्याच्या मुदतीच्या शेवटापर्यंत दर ग्रॅमला किमान १ कोटी जंतू जिवंत असले पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा २००३ सालचा दंडक आहे.

गोठवणे मात्र निराळे. उणे अठरा अंशांत पाण्याचे स्फटिक होतात, उरलेल्या पाण्यात क्षार आणि आम्ल दाटतात, आणि पेशीची आवरणे फाटतात. तेथे पुष्कळ जंतू खरोखर मरतात. जितके सावकाश गोठवावे तितके सहसा अधिक. पण सारे मरत नाहीत, आणि दुधातली साखर व प्रथिने त्यांना बरेच सांभाळतात. विरजण बनविणारे कारखाने तर जंतूंना झटकन गोठवून किंवा गोठवून सुकवून वर्षभर साठवितात. दही खऱ्या अर्थाने निर्जीव होते ते उष्णतेने. काही माल आंबवल्यानंतर टिकाऊपणासाठी पुन्हा तापवला जातो. त्यात जीव राहत नाही. आईचे भय चुकीच्या दिशेला होते. तिने फ्रिजाला भ्यावे असे काही नव्हते.

परंतु थंडी अगदी निरपराध आहे असेही नव्हे. कच्चे दूध फार दिवस गार ठेवले तर आंबवणारे जंतू गप्प बसतात आणि थंडी मानवणारे दुसरे हळूहळू वाढतात. ते आम्ल करीत नाहीत. स्निग्धांश आणि प्रथिने फोडतात. म्हणून उघड्यावरचे दूध आंबते आणि फार दिवस गार राहिलेले दूध कडू होते. जुन्या माणसाला आंबलेले दूध पाहून कळे, नाकाला सूचना मिळे. या नासण्याची सूचना नाकाला उशिरा मिळते.

आणि एक नुकसान असे झाले की जे कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही. पूर्वी विरजण रोज लावावेच लागे, म्हणून ते घरात असेच. फ्रिजात ते आठवडाभर राहू लागले, तेव्हा आठवडाभर विसरताही येऊ लागले. मग ते मागे सरकले, लोणच्याच्या बरणीआड गेले, आणि एके दिवशी फेकले गेले. दुसऱ्या दिवशी दुकानातून डबा आला. थंडीने विरजणाला मारले नाही, पण घरची साखळी तुटली. आमच्या घरी ती आई गेल्यानंतर दोन वर्षांत तुटली. लालबागहून मांडीवर आलेले ते विरजण कोणत्या तारखेस संपले हे आम्हाला सांगता येत नाही. आता आळीत कोणी वाटी घेऊन येत नाही, आणि आम्हीही जात नाही.

उपाहारगृहाची हकीकत अपुरी राहिली. वाचनालयात महिनाभर घालवून आम्ही पुन्हा वाटाघाटीस गेलो, ते या वेळी निराळा प्रश्न घेऊन. दही जिवंत आहे हे आम्हाला मान्य आहे. मग ते इतके आंबट का होते? म्हणजे कपाट थंड राहत नाही. रात्रपाळीच्या पोरांनी चार रात्री जागून पाहिले होते: विजेचे बिल वाचविण्यासाठी कपाटाचे बटण रात्री दहाला बंद होई आणि सकाळी सहाला सुरू होई. आठ तास जंतू कामावर, सोळा तास टाळेबंदी! उन्हाळ्याच्या त्या आठ तासांत दह्याचे व्हायचे ते होई, आणि त्याच कपाटात दूध आणि शिजवलेली भाजीही असे, ज्यांचे आंबणे दह्याइतके निरुपद्रवी नसते. दोनशे पन्नासांवर कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून द्यावे, असे १९४८ च्या कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. उपाहारगृहाचे कलमही त्यात होते. कपाटाच्या थंडीचा शब्द मात्र आम्हाला त्यात सापडला नाही. म्हणून तो करारात घालून घ्यावा लागला.

रसायनज्ञ साहेबांनी या वेळी आमची बाजू घेतली, हे नमूद केले पाहिजे. कपाटाला तापमापक बसला. शेजारी खिळ्याला एक वही टांगली गेली, आणि दर पाळीच्या आरंभी अंश लिहून सही करण्याचे काम उपाहारगृहातल्या एका बाईंकडे आले. त्यांना इंग्रजी आकडे येत नसत, म्हणून त्यांनी देवनागरीत लिहिले, आणि व्यवस्थापनाने तेही चालवून घेतले. पहिल्या पानावरचा पहिला आकडा ११ होता. तिसऱ्या दिवशी ५ झाला.